सांगलीत बांधकाम परवाना काढताना: फाईल परत येऊ नये म्हणून कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नगररचना विभागातून परत येणाऱ्या फाईलींत नकाशाची चूक असते, असा बहुतेकांचा समज. प्रत्यक्षात नकाशा ठीकठाक असतो. अडतं ते जमिनीवर: सातबाऱ्यावर मयत आजोबांचं नाव, मोजणी वीस वर्षांपूर्वीची, जागा पूररेषेच्या आत, नाहीतर रस्ता फक्त खरेदीखतात. लोक आधी आर्किटेक्टकडे जाऊन हॉल-किचनची चर्चा करतात आणि कागद मागून गोळा करतात. हा क्रम उलटा केला की निम्मा त्रास तिथंच संपतो.

खालचे टप्पे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतल्या स्वतंत्र घरासाठी किंवा छोट्या इमारतीसाठी आहेत. साताऱ्यात, कराडात किंवा विट्यात बांधत असाल तरी मूळ नियम तेच. मुंबई आणि काही खास क्षेत्रं वगळता डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कार्यालयात सगळे तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. महाबळेश्वर-पाचगणीचा पर्यावरण संवेदनशील पट्टा मात्र तिच्यातून वगळलेला आहे. तिथं प्लॉट असेल तर हा लेख उपयोगाचा नाही.

## टप्पा १: परवाना नेमकं कोण देणार, ते ठरवा

‘सांगलीत प्लॉट आहे’ एवढ्यावर काही कळत नाही. सांगलवाडी महापालिकेत आहे; नदीकाठीच असलेलं हरिपूर ग्रामपंचायतीत. माधवनगर, बुधगाव, कवलापूर शहराला चिकटलेली दिसतात, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तिथं गावठाणाबाहेरच्या जागेचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो आणि नगररचनेच्या शाखा कार्यालयाचा अभिप्राय लागतो. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या भूखंडाचा नकाशा एमआयडीसीच मंजूर करते, महापालिका नाही.

साताऱ्यात २०२० च्या हद्दवाढीनंतर शाहूपुरी, विलासपूर हा भाग नगरपरिषदेत आला. तिथल्या जुन्या ग्रामपंचायत परवान्यावर आज नवीन मजला चढवता येत नाही.

तपासा: सातबाऱ्यावरचं गावाचं नाव, सर्व्हे किंवा गट नंबर आणि महापालिकेच्या हद्दीचा नकाशा जुळवून बघा. घरपट्टी कुठं भरता, यावर विसंबू नका.

## टप्पा २: उतारे साफ करा

गावभाग, खणभाग किंवा मिरजेच्या जुन्या पेठांत जागा असेल तर सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रकाचा उतारा लागतो. बाहेरच्या भागात सातबारा. दोन्हीत बघायच्या गोष्टी चारच, पण फाईली अडतात त्या याच चारांत.

पहिली, नावं. अर्जदार आणि उताऱ्यावरचा मालक एकच हवा. वडील वारले असतील तर आधी वारस नोंद. बहिणींची नावं लागली असतील तर त्यांची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र. “आमच्यात तसं काही नाही, बहिणी मागत नाहीत” हे खिडकीवर रोज ऐकू येतं आणि त्याचा उपयोग शून्य. भावाभावांत तोंडी वाटणी असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात, मग वरचा मजला कोण बांधतोय याला अर्थ नाही.

दुसरी, भूधारणा. वर्ग १ (विकायला सरकारची परवानगी लागत नाही अशी जमीन) असेल तर सरळ. वर्ग २, इनाम, वतन, देवस्थान यापैकी काही लिहिलं असेल तर आधी महसूल खात्याचा रस्ता धरा. ते काम महिन्यांचं असतं, त्यामुळे आर्किटेक्टला आगाऊ रक्कम देण्याआधी ते सुरू करा.

तिसरी, ‘इतर अधिकार’ हा रकाना. ऊसाच्या कर्जाचा सोसायटीचा बोजा फेडून दहा वर्षं झाली, तरी उताऱ्यावर तसाच बसलेला असतो. सोसायटीचा निरंक दाखला घ्या, तलाठ्याकडे द्या आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झालेला डोळ्यांनी बघा. नुसता अर्ज दिल्याची पोच पुरत नाही.

चौथी, क्षेत्र. ते पुढच्या टप्प्यात.

अकृषिक परवानगीचा प्रश्न इथंच येतो. वर्ग १ ची जमीन विकास आराखड्यात निवासी झोनमध्ये असेल तर बांधकाम परवान्याआधी वेगळी एन.ए. परवानगी काढत बसावं लागत नाही. महसूल खात्याची रक्कम भरणं मात्र चुकत नाही. ‘एन.ए. लागत नाही’ याचा अर्थ ‘पैसे लागत नाहीत’ असा अनेकजण लावतात आणि शेवटी अडतात.

## टप्पा ३: मोजणी, आणि ती ताजी

भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. नियमित आणि द्रुतगती असे प्रकार आहेत. घाई असेल तर जास्त शुल्काची द्रुतगती परवडते, कारण पुढचं सगळं या कागदावर उभं राहतं. शहराबाहेरच्या पट्ट्यात प्लॉटमध्ये किंवा बांधालगत ऊस उभा असेल तर तुटून गेल्यावरचीच तारीख मागा. उभ्या पिकातून मोजणी होत नाही आणि आलेला कर्मचारी परत जातो.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, तरी आदल्या दिवशी तुम्हीही जाऊन सांगा. शेजारी भांडायला आला तर मोजणी अर्धवट राहते. हद्दीच्या खुणा दाखवल्या की लगेच पक्के दगड किंवा खांब रोवा आणि फोटो काढून ठेवा. नंतर मिळणारी मोजणीची क-प्रत जपून ठेवा.

आता क्षेत्राचा हिशोब. परवान्याच्या नकाशावर तीन क्षेत्रं लिहावी लागतात: उताऱ्यावरचं, मोजणीतलं आणि प्रत्यक्ष जागेवरचं. यातलं सर्वांत कमी ते धरलं जातं. समजा सातबारा तीन गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे ३०३ चौरस मीटर. मोजणीत भरलं २९१. मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.१० धरला तर ३०३ वर ३३३ चौरस मीटर बांधकाम बसतं आणि २९१ वर ३२०. तेरा चौरस मीटर गेले, म्हणजे एक बेडरूम गेली. आधी नकाशा काढून त्यावर हौसेनं फर्निचरसुद्धा बसवलेलं असेल, तर इथून सगळं पुन्हा.

थांबा: मोजणीत क्षेत्र जास्त भरलं म्हणून खूश होऊ नका. जास्तीचं क्षेत्र शेजाऱ्याचं किंवा रस्त्याचं असू शकतं, आणि ते तुमच्या एफएसआयमध्ये येत नाही.

## टप्पा ४: झोन दाखला, भाग नकाशा, पूररेषा

नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा, दोन्ही घ्या. फक्त दाखल्यावर ‘निवासी’ असं लिहून येतं. प्लॉटच्या कोपऱ्यातून बारा मीटरचा डीपी, म्हणजे विकास आराखड्यातला, रस्ता जातोय हे नकाशात दिसतं.

डीपी रस्त्यात किंवा रस्ता रुंदीकरणात काही भाग जात असेल तर घाबरायचं कारण नाही. तो भाग महापालिकेला रीतसर हस्तांतरित केला तर त्याचा एफएसआय उरलेल्या जागेवर किंवा टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) रूपात मिळू शकतो. मात्र तो भाग सोडूनच सामासिक अंतरं (हद्द आणि बांधकाम यांच्यामध्ये मोकळी ठेवायची जागा) मोजायची. कुंपण आज कुठं आहे याला किंमत नाही.

प्लॉट आरक्षणात असेल, म्हणजे बाग, शाळा, मैदान, भाजी मंडई, तर साध्या घराचा परवाना मिळणार नाही. अंतिम आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली गेली नसेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, पण राजपत्रात तशी अधिसूचना निघावी लागते. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडले नाहीत तर तिला काही अर्थ उरत नाही. हे काम वकिलाकडूनच करून घ्या, अर्जनवीसाचं नाही.

### पूररेषा: इथं घाई नको

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या शहरात हे समजावून सांगावं लागू नये, पण लागतं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. परवान्यासाठी मात्र या आकड्यांचा उपयोग नाही. तिथं चालतात त्या जलसंपदा विभागानं आखलेल्या दोन रेषा.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध. तिथं बाग, पार्किंग, खुली मंडई, स्मशानभूमी अशा गोष्टी चालतात. नवं घर नाही. आधीच्या अधिकृत बांधकामाचा पुनर्विकास अटींवर होऊ शकतो, म्हणून जुना परवाना असेल तर तो शोधून काढा. हा कागद इथं सोन्याच्या भावाचा आहे.

लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवी.

चूक होते ती याच ठिकाणी. “२०१९ ला पाणी दाराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत होतं, म्हणून जोतं तीन फूट घेतलं” हे चालत नाही. लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असते. सर्वेक्षकाकडून प्लॉटच्या पातळ्या काढून घ्याव्या लागतात आणि जोत्याची पातळी त्याच मापात नकाशावर लिहावी लागते. शामरावनगरसारख्या सखल भागात हा फरक मोठा निघतो. मग घराखाली नुसते खांब आणि पार्किंग ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग. मुरूम टाकून अख्खा प्लॉट उचलला तर तुमचं घर वर येईल आणि पाणी शेजारच्याच्या घरात जाईल. तक्रार होते आणि ती बरोबरच असते.

प्लॉटचा थोडा भाग निळ्या रेषेच्या आत आणि बाकीचा बाहेर असेल, तर आतल्या भागाचा एफएसआय बाहेरच्या भागावर वापरायची तरतूद आहे, मात्र जमीन विकासयोग्य झोनमध्ये हवी. हे माहीत नसल्यानं लोक चांगले प्लॉट पडत्या भावात विकून टाकतात.

ओढे-नाले विसरू नका. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला भाग नकाशात असतोच. त्यावर स्लॅब टाकून ‘जागा वाढवायचा’ विचारही करू नये.

### गुंठेवारीचा प्लॉट असेल तर

सांगली-मिरजेच्या आजूबाजूला गुंठेवारीच्या, म्हणजे मंजूर लेआऊटशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटच्या, वसाहती एवढ्या आहेत की हा टप्पा टाळून चालणार नाही. खरेदीखत नोंदवलेलं आहे, घरपट्टी भरतो, लाईटचं मीटर आहे, म्हणजे सगळं कायदेशीर, असं मानणारे बरेच भेटतात. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. ती भरल्यानं बांधकाम अधिकृत होत नाही.

गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा २००१ चा. तो आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या विकासाला लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीनं ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. त्यामुळे पहिला प्रश्न, तुमचा प्लॉट त्या तारखेआधी पडला होता याचा पुरावा काय? खरेदीखताची तारीख, जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, जे असेल ते एका फाईलीत लावा. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाला या कायद्याचा आधार नाही.

क्रम लक्षात ठेवा: आधी प्लॉट नियमित करून त्याचं प्रमाणपत्र हातात घ्या, मग नव्या बांधकामाचा परवाना मागा. दोन्ही अर्ज एकाच वेळी टाकले की दोन्ही एकमेकांची वाट बघत बसतात. आणि नियमितीकरणाचं प्रमाणपत्र म्हणजे वरचा मजला चढवायचा परवाना नव्हे.

## टप्पा ५: आता नकाशा

एवढं झालं की आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याकडे जा. त्याचा परवाना चालू आहे ना, एवढं विचारायला लाजू नका.

प्लॉटच्या आकारावर परवान्याची पद्धत ठरते. दीडशे चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे साधारण दीड गुंठ्याचे प्लॉट कमी जोखमीचे. तिथं परवानाधारक व्यक्तीनं प्रमाणित केलेला नकाशा, कागद आणि शुल्क भरल्याची पोच यावर काम भागतं. १५० ते ३०० चौरस मीटरला मध्यम जोखीम, तिथंही दहा दिवसांची जलद पद्धत आहे. दोन्हींना मजल्यांची मर्यादा आहे आणि जबाबदारी प्रमाणपत्र देणाऱ्यावर आणि तुमच्यावर येते. ही सवलत म्हणजे तपासणीतून सुटका नव्हे: कागद चुकीचा निघाला तर परवाना मागाहूनही रद्द होतो.

नकाशा बघताना मालकानं स्वतः एवढं तपासावं:

- रस्त्याची रुंदी मंजूर लेआऊट किंवा डीपीप्रमाणे लिहिली आहे का? प्रत्यक्षात दिसणारी रुंदी लिहायची नाही.
- चारही बाजूंची सामासिक अंतरं हद्दीच्या खुणेपासून मोजली आहेत का?
- पार्किंग खरोखर वापरता येईल असं आहे का? कागदावर बसणारी आणि गाडी न वळणारी पार्किंग नंतर दुकान होते आणि मग भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला) अडतं.
- विजेची तार प्लॉटवरून किंवा कडेनं जाते का? गॅलरी तिच्याजवळ येत असेल तर आधी महावितरणकडं जा.
- प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण नकाशात दाखवलंय का?

काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या. ‘शेजाऱ्यानं एवढाच घेतला’ या हिशोबानं घेतलेल्या पायांना पहिल्याच उन्हाळ्यात तडे जातात.

## टप्पा ६: अर्ज, त्रुटी आणि ६० दिवसांचा गैरसमज

अर्ज ऑनलाइन प्रणालीतून परवानाधारक व्यक्तीच्या लॉगिननं जातो. नकाशाची फाईल ठरलेल्या पद्धतीनं, थर आणि रंग सांभाळून तयार करावी लागते; नाहीतर माणसानं बघण्याआधीच संगणक ती परत करतो. लॉगिन आर्किटेक्टचं असलं तरी मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचा द्या. त्रुटी निघाल्याचं तुम्हाला आधी कळायला हवं.

आता तो ६० दिवसांचा मुद्दा. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे अर्ज आल्यापासून साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. एवढंच ऐकून लोक एकसष्टाव्या दिवशी खड्डा मारतात. कलमात पुढं दोन गोष्टी आहेत. त्रुटी काढली असेल तर दिवस मोजायचे ते तुमचं उत्तर पोचल्यापासून. आणि बांधकाम आराखड्याशी आणि नियमांशी तंतोतंत जुळणारं हवं. एक फूटही मार्जिन कमी असेल तर मानीव परवानगी तुमच्या कामाची नाही. साठ दिवस खरंच उलटले असतील तर लेखी पत्र द्या, पोच घ्या, मग वकिलाशी बोला.

त्रुटींना एकेक करून उत्तर देऊ नका. सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी, मुद्दा क्रमांकासह द्या. अर्धं उत्तर दिलं की नव्या त्रुटीसह फाईल पुन्हा येते आणि साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून.

अर्ज नाकारला गेला तर आदेशात कारण लिहिलेलं असतं. कलम ४७ खाली शासनाकडे अपील करायला ४० दिवस असतात. दुरुस्त करण्याजोगं कारण असेल तर अपिलापेक्षा नवा अर्ज लवकर मार्गी लागतो, हा माझा अनुभव.

## टप्पा ७: पैसे

छाननी शुल्क, विकास शुल्क, लागू असेल तिथं अधिमूल्य आणि बांधकाम कामगार उपकर अशी चलनं निघतात. विकास शुल्क रेडीरेकनरच्या दरावर ठरतं. कामगार उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ५० लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही (नोव्हेंबर २०२५ पर्यंत ही मर्यादा १० लाखांची होती). प्रत्येक चलनाची पावती छापून फाईलीत लावा. भोगवट्याच्या वेळी त्या मागतात आणि चार वर्षांपूर्वीचा मेसेज तेव्हा सापडत नाही.

## टप्पा ८: काम सुरू, जोतं, भोगवटा

परवाना हातात आल्याशिवाय पायाभरणी करू नका. अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधायचा असेल तर पूजा करा, नारळ फोडा, जेसीबी आणू नका. परवान्याआधी सुरू केलेल्या कामावर कलम ५३ ची नोटीस येते आणि नंतरचा प्रत्येक कागद त्या नोटिशीच्या सावलीत जातो.

परवाना एका वर्षाचा असतो. काम सुरू झालं नसेल तर मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा. असं तीन वेळा, एकूण चार वर्षांपर्यंत करता येतं. आणि ‘काम सुरू’ म्हणजे जोत्यापर्यंत काम. खड्डा खणून ठेवला म्हणजे काम सुरू झालं असं धरत नाहीत.

जोतं झालं की पुढं जाण्याआधी परवानाधारक व्यक्तीच्या प्रमाणपत्रासह कळवा. पूररेषेतला प्लॉट असेल तर त्यावेळी जोत्याची पातळी पुन्हा मोजून घ्या. जोतं चुकलं तर दुरुस्त होतं. स्लॅब पडल्यावर होत नाही.

मधेच खोली वाढवायची, जिना फिरवायचा, गॅलरी बंद करायची असेल तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या. ‘शेवटी एकदमच दाखवू’ या विचारानं केलेले बदल भोगवट्याच्या तपासणीत एकेक करून बाहेर येतात.

बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज करताना जोते तपासणी, चलनं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा एकत्र लावा. तळमजला तयार आणि वरचा बाकी असेल तर अंशतः भोगवटा मागता येतो. वास्तुशांत आटोपून राहायला गेल्यावर भोगवट्याची आठवण येणाऱ्यांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात, आणि घर विकायची वेळ आली की बँक पहिला तोच कागद मागते.

## जाता जाता: प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला तर

हे परवान्याच्या बाहेरचं काम, पण चुकलं तर पुढची वीस वर्षं भोगावं लागतं. आराखड्याची सुधारणा साधारण तेवढ्या काळानंतर होते. प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाल्यापासून हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात. तुमचा सर्व्हे नंबर स्वतः नकाशावर शोधा. कुणी तरी सांगेल म्हणून थांबू नका.

हरकत लिहिताना ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहून उपयोग नाही. सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, जागेवर आज काय आहे याचा फोटो, मंजूर परवाना असेल तर त्याची प्रत, आणि शक्य असेल तर ते आरक्षण जवळच कुठं बसू शकतं याचा पर्याय, एवढं हवं. शंभर जणांनी एकाच मसुद्यावर सह्या करून दिलेल्या हरकतीपेक्षा स्वतःच्या प्लॉटचा नकाशा जोडलेली एक हरकत सुनावणीत जास्त ऐकली जाते.

सुनावणी नियोजन समितीपुढं होते. तारखेची नोटीस आली की मूळ कागद घेऊन स्वतः जा, वकील असला तरी. तिथं बोलायला वेळ थोडाच मिळतो, म्हणून प्लॉट दाखवणारा एक कागद समितीपुढं ठेवायला वेगळा काढून ठेवा आणि दिलेल्या हरकतीची पोच सोबत न्या.